हरणाचं रेशीम

क्योतोतल्या आमच्या भाड्याच्या घरात सासूबाईंनी पहिलं पाऊल टाकलं, दारातच नाक वर केलं आणि म्हणाल्या, "काहीतरी आहे."

प्रवास कसा झाला, मुलगी कशी आहे, जावई वाळला का सुजला, काही नाही. नुसतं "काहीतरी आहे." मी त्यांची बॅग घेऊन मागे उभा. त्या बॅगेत पुण्यातलं एक अख्खं किराणा दुकान गल्ल्यासकट भरलेलं होतं. ओसाकाचा विमानतळ समुद्रात भराव घालून बांधलाय आणि तो म्हणे हळूहळू खचतोय. त्या दिवशी तो दोन बोटं खचला, याचा मी साक्षीदार आहे.

"आई, जपानला असाच वास येतो," मी म्हणालो. "सगळीकडे मासे खातात ना."

"मासे मला कळतात. आमच्या भिंतीला भिंत लावून जन्मभर मालवणी कुटुंब होतं. हे मासे नाहीत."

मासे नव्हतेच. ते हरीण होतं.

आता नीट सांगतो. मी इथल्या विद्यापीठात वस्तू ताणून, वाकवून आणि शेवटी मोडून बघायची नोकरी करतो. तिला फार भारदस्त नाव आहे, पण काम मोडण्याचंच. आठवडाभर प्लास्टिक मोडून झालं की शनिवारी मी शहराच्या उत्तरेला, बस जिथून कंटाळून परत फिरते तिथे, एका म्हाताऱ्या सुताराकडे जातो. सगळे त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. जपानी धनुष्य असतं माणसापेक्षा उंच, बांबूचं. सेन्सेईंना मात्र वेड घोडेस्वारांच्या आखूड धनुष्याचं, ज्याच्या पाठीवर जनावराच्या कंडरांचा थर चढवतात. कंडरा म्हणजे आपल्याच टाचेच्या वर चिमटीत धरता येते ती दोरी. धनुष्य ओढलं की पाठ ताणली जाते. नुसतं लाकूड तिथे तडकतं. कंडरा तडकत नाही, उलट राग आल्यासारखी परत खेचते. असल्या धनुष्यातून सोडलेला बाण कोबेच्या बंदरातल्या जहाजाला लागेल असं माझं मत आहे. तो समोरच्या मुळ्याच्या वाफ्यात पडेल असं सेन्सेईंचं मत आहे. एकेकाचा स्वभाव.

थंडीत डोंगरातले शिकारी हरणं मारतात, कारण हरणांनी तिकडची शेतं पार फस्त केलीत. मांस लोक नेतात. पाय कुणालाच नको असतात, ते सेन्सेईंच्या शेडमध्ये येतात. त्यातली कंडरा सोडवायची, मांसाचा आणि वरच्या पातळ पापुद्र्याचा कण न् कण खरवडायचा आणि वाऱ्यावर टांगायची. वाळली की तिची काकवीच्या रंगाची, आरपार दिसणारी, हाडासारखी कडक काडी होते. मग गुळगुळीत दगडावर ठेवून लाकडी मोगरीने ठोकायची. लोखंडी हातोडी चालत नाही, तिच्या कडेने तंतू तुटतात. ठोकता ठोकता काडी पांढरी पडते, फुलते, आणि मग बोटांनी सोलत गेलं की केसासारखे तंतू सुटे होतात. ते धुवायचे, विंचरायचे, लांबीप्रमाणे जुड्या बांधायच्या. शेवटी कोमट सरसात बुडवून धनुष्याच्या पाठीवर एकेक जुडी अशी चोपून बसवायची की जोड दिसता कामा नये. जुड्या एवढ्या लागतात की हे हरीण होतं का गोम, असा प्रश्न पडतो.

ठोकायचं काम सेन्सेईंकडे. सोलायचं आणि विंचरायचं मात्र मी घरी आणायचो, कारण ते संपतच नाही. बायकोने ते बरेच महिने चालवून घेतलं. मग तिला सातवा लागला, सासूबाईंचं तिकीट निघालं आणि एका रविवारी तिने मला समोर बसवलं.

"आई आली की या घरात हरणाचा केससुद्धा दिसता कामा नये. काकाच्या फ्रीजमध्ये अंडी दिसली म्हणून आई भरल्या ताटावरून उठली होती आणि मिळेल ती एसटी पकडून घरी आली होती."

"अंडी उकडलेली होती का कच्ची?"

"विनोद नकोय. ती परत गेली तर माझं बाळंतपण कोण करणार? तू? दवाखान्यात डॉक्टर काय बोलतात ते निम्मं तुला कळत नाही. बाळ काय बोलतं ते कळणार आहे?"

मुद्दा बिनतोड होता. इथे आमचं दुसरं कोणी नाही. तिला पहिलंच बाळ, तेही जानेवारीत, जेव्हा क्योतोत एवढी थंडी असते की तोंडातून निघालेला शब्द दहा पावलांवर गोठून खाली पडतो. म्हणजे मामला एवढाच होता. बाळ होईपर्यंत सासूबाई टिकल्या पाहिजेत.

मी घर खरवडून धुतलं. तयार जुड्या एका खोक्यात घालून बाल्कनीतल्या कपाटात, जुन्या पंख्याच्या मागे लपवल्या. बाहेरच्या कावळ्यांना कळलं नसतं. सासूबाईंना कळलं.

"त्या पंख्यामागच्या खोक्यात काय आहे, पांढरं?"

मी तेव्हा पोहे खात होतो. घास गिळेपर्यंत जेवढा वेळ मिळाला तेवढ्यात मी एक वनस्पती निर्माण केली.

"वाख आहे, आई. घायपाताचा असतो ना, तसा. जपानी झाडाचा. प्रयोगशाळेच्या कामाचा आहे."

"कुठलं झाड?"

"डोंगरात असतं. चिवट असतं फार."

"पानं कशी असतात?"

"थंडीत गळतात," मी म्हणालो आणि बस चुकेल म्हणून पळालो.

त्या दिवसापासून घरात पहारा बसला. त्यांचा माझ्यावर, माझा त्यांच्यावर. मी कोट काढला की खुंटीपर्यंत त्या कोटाला पोचवायला यायच्या आणि जाता जाता हुंगायच्या. मी बाल्कनीत गेलो की त्यांना नेमका तेव्हाच टॉवेल वाळत घालायचा असायचा. मी कपाटाच्या दाराला बारीक चिकटपट्टी लावून ठेवली, हेरगिरीच्या गोष्टींत असते तशी. संध्याकाळी पट्टी जागेवर होती, फक्त उलटी लावलेली. बायको मध्ये बसून लोकरीचं टोपडं विणायची आणि आम्हा दोघांकडे बघायचीच नाही.

मग तो मंगळवार. कामावरून येऊन जिन्यात पाऊल टाकलं आणि न्हाव्याच्या दुकानाला आग लागावी तसा वास आला. खालच्या मजल्यावरची जपानी बाई दार किलकिलं करून बघत होती. मी तिच्यापुढे एवढा वाकलो की पाठीतून आवाज आला, आणि वर धावलो.

पुस्तकांच्या कपाटावर आमचे देव. पुढे निरांजन. निरांजनात वात तडतडत होती, आक्रसत होती, धूर सोडत होती. सासूबाई हात जोडून स्तोत्र म्हणत होत्या. डोळे मिटलेले होते, म्हणजे एक मिटलेला होता. दुसरा माझ्यावर.

"तुमचा वाख तडतडतो," स्तोत्र संपवून त्या म्हणाल्या.

झालं होतं ते असं. बॅगेतल्या वाती संपल्या. मुलीला आठवा लागला म्हणून त्या रोज दोन्ही वेळा दिवा लावत होत्या. कोपऱ्यावरच्या कोनबिनीत, म्हणजे रात्रंदिवस उघड्या दुकानात, कापूस मिळाला तो तोंडाला पावडर लावायचा, चौकोनी, दाबलेला. त्याची वात वळेना. मग त्यांनी विचार केला, जावयाचा वाख आहेच की पडलेला, झाडाचाच तर आहे. एक जुडी घेतली, आपल्या फणीने पुन्हा विंचरली, तळहातावर वळली, तुपात भिजवली आणि देवापुढे लावली.

हरणाची टाच आमच्या गणपतीपुढे जळत होती आणि ती माझ्या सांगण्यावरून झाड झालेली होती. गणपतीने सोंड जरा बाजूला घेतलेली मी स्वतः पाहिली.

सासूबाईंनी दुसऱ्या वातीतला एक तंतू उपसला, ज्योतीला लावला, विझवला, नाकाशी नेला. मग काळी राख चिमटीत चुरली. हे मी आधी पाहिलेलं होतं. साडीच्या दुकानात, मुलीच्या लग्नाची पैठणी घेताना, पदराचा धागा काढून त्यांनी दुकानदारासमोर असाच जाळला होता, आणि तो बिचारा नापास होणाऱ्या मुलासारखा उभा होता. आता मी तसा उभा राहिलो.

"वाख कागदासारखा जळतो," त्या म्हणाल्या. "हा आक्रसला. वास जळक्या केसाचा. राखेचं पीठ झालं. जावईबापू, हे रेशीम आहे."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. रेशीम! म्हणजे सोवळं! नेसून पूजेला बसावं असलं पवित्र! एका क्षणात हरीण थेट देवघरात जाऊन बसलं.

"हो," मी म्हणालो. "रेशीमच आहे."

"मग वाख का म्हणालात?"

इथे मला उत्तर सुचायला हवं होतं. मी आयुष्यात शेकड्याने उत्तरं रचलीत, ट्रेन चुकल्याची, अहवाल उशिरा दिल्याची, मी न फोडलेल्या आणि फोडलेल्या बरण्यांची. पण त्या दिवशी दुकान बंद होतं. मी नुसता हसलो. हसू नये तसा हसलो, कारण सासूबाईंचे दोन्ही डोळे बारीक झाले. उरलेल्या सगळ्या जुड्या त्यांनी सोवळ्याच्या म्हणून देवाच्या डब्यात ठेवल्या आणि डब्याचं झाकण जरा जोरात लावलं.

दुसऱ्या दिवशी बायकोने मला स्वयंपाकघरात गाठलं. हसू दाबून तिचं पोट हलत होतं.

"आई विचारतेय, तुझ्या नवऱ्याने रेशीम लपवून ठेवलंय ते कुणासाठी?"

"म्हणजे?"

"म्हणजे बाई आहे तुला. पुरावे ऐक. दर शनिवारी म्हाताऱ्या सुताराकडे म्हणून जातो. गाव किमोनोचं. आल्या आल्या आंघोळ करतो. आणि कपडे स्वतः धुतो. आई म्हणाली, कुठल्या नवऱ्याने आजवर स्वतःचे कपडे न सांगता धुतलेत? शिवाय तुझ्या कोटावर केस सापडलाय. आखूड. तपकिरी. रंगवलेला आहे म्हणाली."

"तो हरणाचा आहे!"

"हळू बोल!"

"मग तिला सांग ना."

"वेडा आहेस का? बाई आहे असं वाटलं तर आई माझ्यासाठी इथून हलणार नाही. हरीण कळलं तर थांबणार नाही. बाळ होईपर्यंत तू बाहेरख्याली राहा. एवढं माझ्यासाठी कर."

जगात कुठल्या बायकोने नवऱ्याकडे असला हट्ट धरलाय मला माहीत नाही. मी केला तो पुरा. तीन दिवस मी स्वतःच्या घरात संशयित म्हणून वावरलो. फोन वाजला की सासूबाई गॅस बारीक करायच्या. ऑफिसातलं कुठलंही नाव मी जपानी रीतीने पुढे 'सान' लावून घेतलं की त्या विचारायच्या, "हा बाप्या का बाई?" मला वाढताना आमटीची वाटी ताटात अशी आदळायची की आमटी परत भांड्यात जायची. मुलीला मात्र जवळ घेऊन बसायच्या आणि तिच्या केसांना तेल लावता लावता मध्येच थांबून भिंतीकडे बघत राहायच्या. ते मला जरा टोचलं. पण करार म्हणजे करार.

शनिवारी सकाळी मी बूट घालायला गेलो तर त्या दारात उभ्या. नऊवारीवर माझं जुनं जाकीट, डोक्याला मफलर, मुठीत रुमालाचं गाठोडं.

"मीही येते तुमच्या त्या म्हाताऱ्याकडे."

"आई, तिकडे बर्फ आहे."

"मी चालेन."

"माकडं आहेत. माणसाएवढी. गेल्या वर्षी एका पोस्टमनला सायकलसकट नेलं."

"मला सवय आहे," माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या.

मी बायकोकडे वळून पाहिलं. ती पांढरी पडली होती. तिने मानेने नाही नाही केलं, पण आईला थांबवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. आम्ही निघालो. सेन्सेईंकडे फोनच नाही. त्यांना सावध करायची सोय नव्हती.

बसमध्ये सासूबाईंनी मागची सीट धरली. क्योतोतल्या निम्म्या बायका केस तपकिरी रंगवतात, ही त्या शहराची चूक, माझी नव्हे.

"ही का?" त्या कुजबुजल्या.

"आई, ती शाळेत जाते."

"मग ती, पुढची?"

"त्यांच्या हातात काठी आहे, आई."

"काठी असली म्हणून काय झालं?"

शेवटच्या थांब्यावर उतरून आम्ही चढ चढलो. मला एकच दिसत होतं. शेडचं दार उघडेल, छताला पाय टांगलेले दिसतील, सासूबाई तोंडाला पदर लावतील आणि सोमवारच्या विमानात बसतील. मग जानेवारीत, त्या भयंकर थंडीत, आम्ही दोघं आणि एक रडणारं बाळ.

सेन्सेई शेडमध्ये शेगडीपाशी बसून ठोकत होते. पाहुणी बघून उठले आणि कमरेत वाकले. सासूबाईंनी त्यांना एक नमस्कार केला आणि त्यांना वळसा घालून थेट आत. दारामागे बघितलं. फळ्यांच्या ढिगामागे बघितलं. मग चपला काढून शेडला लागून असलेल्या घरातच शिरल्या. सेन्सेईंना वाटलं बाईंना संडास हवाय, त्यांनी तो अदबीने दाखवला. सासूबाईंनी तोही तपासला. पुरुषाची एक उशी, एक वाटी, चॉपस्टिक्सचा एक जोड, आणि भिंतीवर सेन्सेईंच्या दिवंगत बायकोचा फोटो. त्या फोटोपुढे उदबत्ती होती. सासूबाई तिथे क्षणभर थांबल्या.

मग शेडमध्ये परत आल्या आणि त्यांची नजर वर गेली.

सात-आठ पाय होते. खुरांसकट. तारेवर, ओळीने.

सेन्सेईंनी सासूबाईंच्या मुठीतलं गाठोडं पाहिलं आणि नम्रपणे हात पुढे केला. त्यातल्या, पुरावा म्हणून आणलेल्या जुड्या त्यांनी सेन्सेईंच्या हातावर ठेवल्या. सेन्सेईंनी त्या उजेडात धरल्या, आपल्या जुड्यांशेजारी ठेवल्या आणि खूश होऊन मला विचारलं, एवढं सुंदर कोणी विंचरलं?

"मी," मी जपानीत म्हणालो.

"काय म्हणतायत?" सासूबाईंनी विचारलं.

"थंडी फार आहे म्हणतायत."

पण सेन्सेईंचा उत्साह आवरेना. त्यांनी एक पाय खाली काढला, मागच्या बाजूला सुरी लावली आणि ती पांढरी दोरी सर्रकन बाहेर ओढली. मग वाळलेली काडी दाखवली. मोगरीने ठोकली. तंतू सोलले. सासूबाईंच्या जुडीशेजारी धरले. आणि काही शंका राहू नये म्हणून स्वतःच्या टाचेवर दोन चापट्या मारल्या. दुभाष्याला करण्यासारखं काही उरलंच नाही.

"ते ह्याचं?" सासूबाईंनी पायाकडे बोट केलं.

"हो."

"मी देवापुढे लावलं ते?"

"हो, आई."

"आणि बाई?"

"बाई नाही."

"शपथ?"

"शपथ. या घरात एकच बाई, ती फोटोतली."

त्यांनी पर्स उघडली. कागदी रुमालाच्या घडीतून तो तपकिरी केस काढला आणि टांगलेल्या पायाच्या कातड्यावर नेऊन धरला, सराफ सोनं कसाला लावतो तसा. उजेडाकडे वळवला. परत धरला. मग एका उलट्या खोक्यावर मटकन बसल्या आणि तोंडाला पदर लावला. मी म्हटलं, संपलं.

"अगं बाई," पदराआडून आवाज आला. "नुसतं हरीण आहे."

त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला आजही सांगता येणार नाही, आणि मी सहसा सगळं सांगू शकतो. सेन्सेई घाबरले आणि चहा आणायला पळाले.

"मी चार दिवस जेवले नाही धड," त्या म्हणाल्या. "तिला कसं सांगायचं याचा विचार करत होते. बाळ झालं की दोघांना घेऊन पुण्याला जायचं ठरवलं होतं मी. मागची खोली झाडून ठेवायला सांगणार होते. आणि तुम्ही इथं हे पाय ठोकत बसताय!"

"मी सांगणार होतो..."

"तुम्ही काय सांगणार होतात? झाड सांगितलंत, मग किडा सांगितलात. अजून थोडे दिवस गेले असते तर दगडाचं आहे म्हणाला असतात." त्यांनी डोळे पुसले. "हे बघा. यातलं काहीही घरात येता कामा नये. देव मी आज धुऊन काढते. आणि देवापुढे काय जळलं ते तिला कळता कामा नये, पुण्यात तर मुळीच नाही. माझ्या भजनी मंडळात मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"मी कशाला कुणाला सांगतोय?"

"तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही."

सेन्सेईंचा चहा त्यांनी घेतला, पण आधी हुंगला.

घरी बायको दारातच उभी होती. आमचे चेहरे बघून तिला काही उमगेना. सासूबाई सरळ न्हाणीघरात गेल्या, त्या बाहेर आल्यावर मी गेलो.

"काय बघितलंस, आई?"

"काही नाही गं. म्हातारा आहे एक. विधुर. सज्जन आहे. लाकडं तासतो."

"आणि रेशीम?"

"रेशीम त्यांचंच होतं. परत दिलं."

बायकोने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत आईकडे. "तुम्ही दोघं काय लपवताय?" तिचे डोळे अगदी आईसारखे बारीक झाले. आईला सगळं कळलंय हे तिला माहीत नव्हतं, तिला पहिल्यापासून सगळं माहीत होतं हे आईला माहीत नव्हतं, आणि एवढी उबदार जागा मला त्या थंडीत दुसरी मिळाली नसती. मी टॉवेलने केस पुसत राहिलो.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून तुपाचा वास आला. सासूबाईंनी बाळंतिणीच्या लाडवांचा घाट घातला होता. कढई चढलेली, खोबरं भाजून झालेलं, खारीक कुटलेली. डिंकाची पुडी त्यांच्या हातात होती आणि एक खडा त्यांनी दिव्यासमोर धरला होता, काकवीच्या रंगाचा, आरपार दिसणारा.

"जावईबापू, इकडे या. हा झाडाचाच आहे ना?"

"आई, तो तुम्हीच पुण्याहून आणलाय."

"आणलाय हो. पण तुमच्या घरात महिनाभर राहिलाय."

त्यांनी खडा हुंगला, दाताखाली चावून बघितला, एक काडी पेटवून तिच्यावर धरला, वास घेतला. मग मूठभर डिंक तुपात सोडला. तो फुलू लागला तशी त्यांनी कढईवरची नजर न हलवता मला जरा मागे सरायला सांगितलं.